सात-तीन: जिंकणाऱ्या संघावरही चाहते का चिडतात?

सप्टेंबर २०२२ मधल्या पहिल्या शनिवारी माझ्या मावसभावाचा आयोवा सिटीहून फोन आला. "दादा, जिंकलो," म्हणाला, पण आवाज असा की घरात कोणाला तरी बरं नसावं. किती गुणांनी, विचारलं तर म्हणाला, "सात-तीन. पण तुला वाटतंय तसं नाही ते."

अमेरिकन फुटबॉल थोडाफार बघणारा माणूस ७-३ ऐकलं की मनातल्या मनात हिशेब मांडतो. एकाने टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्याच्या हद्दीच्या शेवटच्या पट्ट्यात नेला, त्याचे सहा, वर किकचा एक, झाले सात. दुसऱ्याने फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू पायाने दोन खांबांमधून पार केला, तीन. पण त्या दिवशी आयोवा विद्यापीठाच्या संघाने टचडाउन केलंच नव्हतं. एक फील्ड गोल मारला, त्याचे तीन. उरलेले चार आले दोन सेफ्टींमधून. समोरच्याकडे चेंडू असताना त्याला त्याच्याच हद्दीच्या शेवटच्या पट्ट्यात पाडलं की सेफ्टी होते आणि पाडणाऱ्याला दोन गुण मिळतात. म्हणजे हे चारही गुण डिफेन्सचे. गुण मिळवण्यासाठी जे अकरा जण उतरवलेले असतात, त्यांच्या खात्यावर दिवसभरात तीन. आणि समोर होता साउथ डकोटा स्टेट, एक पायरी खालच्या विभागातला संघ.

घरच्या मैदानावर, आपलाच संघ जिंकत असताना, लोक बू करत होते. बाहेरच्याला हे आगाऊपणाचं वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या चिडण्यामागचं गणित कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. ते इथे मांडतो, आणि त्यासाठी आधी खेळाचे दोनच नियम सांगतो.

मैदान १०० यार्डांचं. ज्याच्या हातात चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. आपली क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, तिच्या निम्म्यापेक्षाही हे अंतर कमी. या प्रयत्नांना डाउन म्हणतात. १० यार्ड सरकलात की पुन्हा नवे चार. कबड्डीतली 'करो या मरो' चढाई आठवा: दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत काहीतरी करावंच लागतं. इथे तसा दबाव तिसऱ्या डाउनवर येतो. तिथेही जमलं नाही तर चौथा प्रयत्न बहुतेक वेळा कोणी जुगारात लावत नाही. चेंडू पायाने लांब भिरकावून समोरच्याच्या स्वाधीन केला जातो. त्याला म्हणतात पंट.

दुसरी गोष्ट अशी की इथे तेच अकरा जण सगळा वेळ खेळत नाहीत. चेंडू आपल्याकडे असताना उतरतो तो ऑफेन्स, समोरच्याकडे असताना डिफेन्स, आणि किक-पंटांसाठी तिसरीच तुकडी, स्पेशल टीम्स. प्रत्येक तुकडीचा प्रशिक्षक वेगळा. ऑफेन्सच्या प्रमुखाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. प्रत्येक डाउनला कोणती चाल खेळायची हे साधारणपणे तोच ठरवतो. त्यामुळे राग काढायला एक नेमका माणूस असतो. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला तर आपण फलंदाजाला बोलतो. इथे चाल फसली की स्टँडमधल्या साठेक हजार लोकांची नजर वर, काचेमागच्या त्या खोलीकडे जाते.

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यातलं मक्याचं राज्य, वस्ती जेमतेम बत्तीस लाख. आयोवा सिटी हे नाव मराठी वाचकाच्या कानावर आलंच असेल तर तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमामुळे. राज्यात व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा एकही वरिष्ठ संघ नाही. शनिवारी जे काही आहे ते विद्यापीठाचंच. किनिक स्टेडियममध्ये ६९ हजारांवर माणसं मावतात. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, संपला की ती सगळी पाठ फिरवून शेजारच्या मुलांच्या रुग्णालयाकडे हात हलवतात आणि वरच्या मजल्यांच्या काचांमागून आजारी पोरं उलट हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घशात आवंढा आला होता. हे सांगतोय कारण या लोकांना उगाच कुरकुरणारे समजू नये. माया आहे म्हणूनच त्यांचा जीव जळतो.

संघाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९ पासून त्या जागेवर आहेत. त्यांची खेळण्याची रीत म्हणजे मुंबईच्या रणजी संघाला आपण जे 'खडूस' म्हणतो, अगदी ते. चूक करायची नाही, समोरच्याला चूक करायला लावायची, आणि बाकी वेळ वाट बघायची. ही रीत मूर्खपणाची मुळीच नाही. समजा, तुम्ही स्वतःच्या ३० यार्डांच्या रेषेवर अडकलात. तुमच्या पंटरने चेंडू ५५ यार्ड लांब नेऊन टाकला. आता समोरचा संघ त्याच्या १५ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करणार, म्हणजे गुणांपर्यंत पोचायला त्याला ८५ यार्ड कापायचे आहेत. तुमचा डिफेन्स तगडा असेल तर तो तिथेच कोंडला जातो, घाबरत पंट करतो, आणि चेंडू तुमच्याकडे आधीपेक्षा बऱ्या जागेवर परत येतो. असं चार-पाच वेळा केलं की कधीतरी त्याच्या हातून चेंडू निसटतोच. एकही धड चाल न खेळता तुम्ही मैदान गिळत जाता.

याला लागणारी दोन्ही माणसं आयोवाकडे होती. डिफेन्सचे प्रमुख फिल पार्कर, २०१२ पासून त्या पदावर. २०२३ मध्ये त्यांना देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. आणि पंटर टोरी टेलर, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन पोरगा. त्या ७-३ च्या सामन्यात त्याने दहा पंट मारले. २०२३ च्या हंगामात त्याच्या पंटांची बेरीज ४,४७९ यार्ड झाली आणि १९३८ पासून टिकून असलेला विक्रम मोडला. त्याच्या नावाने 'पंटिंग इज विनिंग' असे टी-शर्ट निघाले, लोकांनी ते अंगात घातले. गर्दी पंटला टाळ्या वाजवते हे मी फक्त तिथेच पाहिलं. आता या विक्रमाची उलटी बाजू बघा: पंटरला एवढी संधी मिळते याचा अर्थ ऑफेन्स तेवढ्या वेळा हात हलवत परत येतोय.

तो किती हात हलवत येत होता? २०२२ च्या हंगामात आयोवाचा ऑफेन्स सामन्याला सरासरी २५१.६ यार्ड सरकला. वरच्या विभागातल्या १३१ संघांत १३०वा. त्याच वर्षी त्यांचा डिफेन्स सामन्याला १३.३ गुण देत होता, म्हणजे देशातल्या सर्वांत कंजूष डिफेन्सेसपैकी एक. हंगाम संपला ८ विजय, ५ पराभवांवर. शेवटच्या सामन्यात केंटकीला २१-० हरवलं, त्यातली दोन टचडाउन समोरच्याचा पास मधल्या मध्ये पळवून डिफेन्सनेच केलेली.

दुखतं ते नेमकं इथे. संघ सगळाच टाकाऊ असता तर लोक खांदे उडवून घरी गेले असते. पण अर्धा संघ देशात अव्वल आणि अर्धा तळाला, हे बघणं म्हणजे घरात थोरला भाऊ ढोर मेहनत करतोय आणि धाकटा दुपारी बारापर्यंत लोळतोय, तसं. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेन स्टेटला हरवून हा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर पोचला होता. पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावर पर्ड्यूने २४-७ धुतलं, आणि डिसेंबरात बिग टेन या त्यांच्या विद्यापीठ-साखळीच्या अंतिम सामन्यात मिशिगनने ४२-३. ऑफेन्स नुसता मध्यम असता तर काय झालं असतं? हा प्रश्न मावसभाऊ अजून विचारतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग ऑफेन्स इतका का गळपटला? पहिलं कारण, समोरच्याला आधीच माहीत असायचं. पहिल्या डाउनला चेंडू घेऊन मध्यातून धाव, दोन यार्ड. दुसऱ्यालाही धाव, एक यार्ड. आता तिसरा डाउन आणि सात यार्ड बाकी. सात यार्ड मिळवायला पास फेकावाच लागणार, हे स्टेडियमबाहेर कणसं विकणाऱ्यालाही कळतं. मग समोरचा डिफेन्स धाव रोखण्याची काळजी सोडून सरळ क्वार्टरबॅकच्या अंगावर जातो. चेंडू फेकणारा हा खेळाडू कितीही गुणी असला तरी सांभाळायला पुढे उभे असलेले पाच दांडगे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, दोन-तीन सेकंद तरी टिकले पाहिजेत. आयोवाची लाइन या काळात तिथेच उसवली. गंमत अशी की लाइन घडवणं हीच कर्क फेरेंट्झ यांची मूळ ओळख. ऐंशीच्या दशकात ते आयोवाच्याच लाइनचे प्रशिक्षक होते.

दुसरं कारण दुष्टचक्राचं. २०१८ पासून महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल आहे, आणि २०२१ पासून एकदा संघ बदलला तर एक वर्ष बाहेर बसण्याची शिक्षाही गेली. चेंडू झेलणारा चांगला खेळाडू, रिसीव्हर, अशा संघात कशाला थांबेल जिथे चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाही? चार्ली जोन्स हा रिसीव्हर २०२१ ला आयोवात होता. वर्षभरात त्याच्या वाट्याला जेमतेम वीसेक झेल आले. २०२२ ला तो पर्ड्यूला गेला आणि एका हंगामात त्याने ११० झेल घेतले. माणूस तोच, हात तेच. टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून समोरच्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा, या जागेवरच्या खेळाडूंचं तर विचारूच नका. जॉर्ज किटलने आयोवात सगळ्या वर्षांत मिळून ४८ झेल घेतले होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो त्या जागेवरचा अव्वल गणला जातो. सॅम लापोर्टा २०२३ मध्ये डेट्रॉइटकडून खेळायला लागला आणि पहिल्याच वर्षी ८६ झेल घेऊन नवख्या टाइट एंडचा तेव्हाचा विक्रम केला. दर रविवारी टीव्हीवर आपली पोरं दुसऱ्यांकडे जाऊन चमकताना बघायची आणि दर शनिवारी पंट मोजायचे, असा आयोवाकरांचा आठवडा.

तिसरं कारण घरातलं. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते ब्रायन फेरेंट्झ, मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव, २०१७ पासून. नातलगाच्या हाताखाली नोकरी नको या विद्यापीठाच्या नियमामुळे कागदोपत्री ब्रायन वडिलांना नव्हे, क्रीडासंचालकांना जबाबदार होते. कागदोपत्री. साखर कारखान्यांच्या आणि सहकारी बँकांच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला या शब्दाची फोड करून सांगायला नको. माझं मत विचाराल तर ब्रायन काही अगदी अडाणी प्रशिक्षक नव्हते. सुरुवातीची वर्षं ऑफेन्स बरा चालला होता. पण संघ जिंकत होता तोवर त्यांना हात लावायचं कारण नव्हतं, आणि संघ जिंकत होता डिफेन्समुळे. विजयच ढाल झाला होता. दुसऱ्याच्या कमाईवर चाललेलं दुकान बंद कोणी आणि कोणत्या तोंडाने करायचं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रीडासंचालकांनी जो तोडगा काढला तो खेळांच्या इतिहासात विरळाच असेल. ब्रायन यांचा पगार ५० हजार डॉलरने कमी करून साडेआठ लाखांवर आणला आणि करारात अट घातली: २०२३ च्या हंगामात सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. जमलं तर बोनस आणि नवा करार, नाही तर रामराम. २५ हा काही डोंगर नव्हता, देशातले निम्म्याहून अधिक संघ तेवढे करतातच. त्यातही डिफेन्सने आणि स्पेशल टीम्सने केलेले गुणसुद्धा धरले जाणार होते. मुलाला पास करायला थोरल्याचे मार्क मिळवायची मुभा! १३ सामने गुणिले २५ म्हणजे ३२५. तो आकडा राज्यभर सगळ्यांच्या तोंडी झाला.

१६ सप्टेंबर २०२३ ला मी शिकागोहून साडेतीन-चार तास गाडी हाणत किनिकला गेलो होतो. समोर वेस्टर्न मिशिगन. आमच्या पुढच्या रांगेत पिवळ्या टोपीतले एक आजोबा होते. सामन्याच्या तिकिटांचे फोटो मोबाइलमध्ये असतात हल्ली, पण यांच्याकडे चक्क घडी घातलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. कागदावर वर लिहिलेलं ३२५, खाली २४, त्याखाली २०. पहिल्या दोन सामन्यांचे गुण. पहिला सामना तर अटीला एका गुणाने कमी. आयोवाने त्या दिवशी २५ ओलांडले तेव्हा स्टेडियममध्ये जो ओरडा झाला तो सामना जिंकल्याचा नव्हता, हिशेब जुळल्याचा होता. शेवटी ४१-१०. आजोबांनी ४१ लिहिलं, रेघ मारली, बेरीज केली ८५, आणि आम्हाला वळून कागद दाखवला. तीन सामन्यांची सरासरी २८ च्या वर. मावसभावाने त्यांच्याशी हात मिळवला.

पुढच्या शनिवारी पेन स्टेटकडे ३१-०. ऑफेन्सची दिवसभराची मजल ७६ यार्ड. साडेतीन खेळपट्ट्या. ३० सप्टेंबरला मिशिगनहून मुद्दाम आणलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा गुडघ्याला जबर मार लागून हंगामाबाहेर गेला, आणि त्यानंतर ३२५ कडे कोणी गंभीरपणे बघेना. आठ सामने झाले तेव्हा सरासरी १९.५ होती, सहा विजयही होते. ३० ऑक्टोबरला नव्या, तात्पुरत्या नेमलेल्या क्रीडासंचालिकेने जाहीर करून टाकलं की हंगाम संपल्यावर ब्रायन नसतील. हंगामाच्या मध्यात असं सांगणं मुख्य प्रशिक्षकांना रुचलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. बाप म्हणून म्हणा, प्रशिक्षक म्हणून म्हणा.

आणि मग, सोडून देणं ठरलेल्या माणसाच्या हाताखाली, संघ जिंकतच सुटला. नॉर्थवेस्टर्नला १०-७, रटगर्सला २२-०, इलिनॉयला १५-१३, नेब्रास्काला १३-१०. सट्टेबाज दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज किती होईल यावर पैसे लावायला एक आकडा काढतात. एरवी तो पन्नासच्या आसपास असतो. नेब्रास्काच्या सामन्याला तो पंचविसाच्या आसपास होता, आणि तरी खरी बेरीज २३ च भरली. आयोवाने दहा सामने जिंकून बिग टेनमधला आपला गट जिंकला. अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-०, नववर्षाच्या दिवशी टेनेसीकडून ३५-०. शेवटच्या दोन सामन्यांत मिळून शून्य. बिग टेनचा अंतिम सामना धरून १४ सामन्यांचे एकूण गुण २१६, सरासरी १५.४. यार्डांच्या यादीत १३३ संघांत शेवटचा.

दहा विजय आणि देशातला शेवटचा ऑफेन्स. या दोन गोष्टी एकाच संघाच्या नावावर आहेत यावर त्या वर्षी तिथे नवखा आलेला विद्यार्थी विश्वास ठेवत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये टिम लेस्टर नवे कोऑर्डिनेटर झाले. त्यांनी फार काही जादू केली नाही. चाल सुरू होण्याआधी खेळाडू इकडून तिकडे हलवायला लागले, जेणेकरून समोरच्याने क्षणभर तरी गोंधळावं; आणि धाव जमत होती तिथे ती नीट पेरली. धावणारा केलेब जॉन्सन त्या हंगामात १,५३७ यार्ड पळाला. पासिंग लंगडंच राहिलं. पण सरासरी १५.४ वरून २७.७ वर गेली, म्हणजे अट पूर्ण झाली, एक वर्ष उशिरा आणि दुसऱ्याच माणसाकडून.

विजय मात्र दहावरून आठवर आले. तरी त्या हंगामात मावसभावाचे फोन कमी रडके होते. हरल्यावरही तो चालींबद्दल बोलायचा, अमक्या डाउनला तमकं का केलं वगैरे, म्हणजे जे प्रत्येक चाहता करतो ते. मला वाटतं त्याला विजयाहून जास्त हेच हवं होतं: चेंडू आपल्याकडे आला की खुर्चीत पुढे सरकून बसावंसं वाटणं. आधीच्या दोन वर्षांत लोक त्या वेळी नाचो आणायला उठायचे.

२०२५ मध्ये आयोवाने नवा क्वार्टरबॅक आणला, मार्क ग्रोनोव्स्की. सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्सला ४७-७ हरवून फेरेंट्झ यांनी बिग टेनच्या प्रशिक्षकांतला वुडी हेज यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मागे टाकला, तेव्हा ऑफेन्सची सूत्रं याच पोराच्या हातात होती. ग्रोनोव्स्की आला कुठून, तर साउथ डकोटा स्टेटहून. त्या ७-३ च्या दुपारी टेलरच्या पंटांनी आणि पार्कर यांच्या डिफेन्सने ज्याला त्याच्याच कोपऱ्यात कोंडून ठेवलं होतं, तो क्वार्टरबॅक हाच.

मी मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "दादा, माहीत आहे. त्या दिवशी मैदानावर बरा क्वार्टरबॅक एकच होता, आणि तो आपला नव्हता."